कट्ट्याची उंची

मिस्त्रींनी टेप ओढली, तिचं टोक बुटाखाली दाबून धरलं आणि विचारलं, "वैनी, कट्टा कुणाच्या मापानं धरायचा?" टाइल्सचा रंग, नळाचा आकार, सिंक एक भांड्याचं की दोन, यावर आमच्या घरात महिनाभर खल झाला होता. पण हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. "कुणाच्या म्हणजे? हिच्याच," नवरा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाला. सासूबाई दारातल्या खुर्चीवरून म्हणाल्या, "पुढंमागं नातसून येईल. हल्लीच्या मुली चांगल्या उंच असतात." मिस्त्रींनी स्वतःच तोडगा काढला, "स्टँडर चौतीस इंच असतंय, चौतीस धरू." आणि हे सगळं चालू असताना त्या ओट्यासमोर जी व्यक्ती प्रत्यक्ष उभी होती, त्या आमच्या स्वयंपाकाच्या मावशी, पाठमोऱ्या, फोडणीत कांदा परतत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्यांनीही मान वळवली नाही. फक्त उलथन्याचा आवाज जरा वाढल्यासारखा मला वाटला. तो खरंच वाढला होता की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

मावशी जेमतेम पावणेपाच फूट. सकाळी सात वाजता येतात, पोळ्या, भाजी, एक दिवसाआड भाकरी. त्यानंतर सांगलीतच विश्रामबागेकडे आणखी दोन घरं. त्यातल्या एका फ्लॅटमध्ये म्हणे ओटा एवढा उंच आहे, की त्या खाली लाकडी पाट ठेवतात आणि त्यावर उभ्या राहून पोळ्या लाटतात. जेवायला बसायचा पाट, पितळी फुल्या मारलेला. हे त्यांनी मला कधीतरी हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले होते.

आमचा जुना ओटा सत्तावीस इंचांचा. आकडा मिस्त्रींच्या टेपनं आत्ता सांगितला. माझ्या कंबरेला तो लग्न होऊन या घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यातच कळला होता. मी पाच फूट पाच. कणीक मळताना, भांडी विसळताना, दुधावर नजर ठेवताना, सतत वाकलेली. सासरे हयात असताना एकदा भीत भीत विषय काढला होता, की ओटा जरा ठेंगणा आहे का? ते हसून म्हणाले होते, "ओटा नाही ठेंगणा, तू उंच आहेस." सांगलीच्या जुन्या गावभागातल्या घरात सुनेनं यापुढे बोलायचं नसतं, निदान तेव्हा तरी बोलायचं नसे. एवढ्या ठेंगण्या ओट्याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी सासूबाईंनी सांगितलं, तेही सहज, शेंगा फोडता फोडता. तो ओटा बांधला तेव्हा त्यावर गॅस नव्हताच, पंपाचा स्टोव्ह होता. पितळेची टाकी, तीन पाय, वर बर्नर. स्टोव्हचीच उंची वीतभर, त्यावर आमटीचं पातेलं. म्हणजे ओटा अधिक स्टोव्ह अधिक पातेलं, असा हिशेब करूनच त्या वेळच्या गवंड्यानं उंची धरली होती आणि ती सासूबाईंना अगदी बेताची होत होती. पुढे गॅस आला. शेगडी चार बोटं उंचीची. पातेलं एकदम खाली उतरलं, ओटा मात्र होता तिथंच राहिला. त्यानंतर या घरातल्या बायका एका नसलेल्या स्टोव्हसाठी वाकत राहिल्या.

आजेसासूबाईंनी तर तो ओटा शेवटपर्यंत मान्यच केला नाही. उभ्यानं रांधायचं म्हणजे खानावळ झाली, असं त्यांचं मत. त्या खाली बसून विळीवर चिरायच्या, खालीच शेगडीवर त्यांचं वेगळं शिजायचं. सासूबाई वर उभ्या, आजेसासूबाई खाली पाटावर, आणि मधून आमटीची वाटी वर-खाली. मी हे पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण इतक्यांदा ऐकलंय की त्या दोघींच्या मधली ती सत्तावीस इंचांची भांडणं मला तोंडपाठ आहेत.

ओट्याचा दगड कडप्पा. काळा, कडेला गोलवा घासलेला, आणि इतक्या वर्षांच्या तेलाच्या हातांनी मऊ झालेला. कडप्पा मूळचा चुनखडीच्या जातीचा, त्याला आंबट सोसत नाही. लिंबाची फोड पालथी पडून राहिली, चिंचेचा कोळ सांडला, ताक ओघळलं, की तिथली चमक जायची आणि फिकट चकंदळ उठायचं ते कायमचं. आमच्या ओट्यावर अशी चकंदळं किती होती ते मोजण्यात अर्थ नाही, पण खिडकीशेजारचं सगळ्यात मोठं लिंबाच्या लोणच्याचं होतं हे घरातलं प्रत्येक माणूस सांगू शकायचं. कुणाच्या हातून बरणी कलंडली यावर मात्र दोन मतं आहेत आणि दोन्ही पक्ष अजून हयात आहेत.

मग एवढी वर्षं चाललं ते आताच का मोडायला काढलं?

सांगलीबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. गावभागातल्या माणसाला नाही. पावसाळ्यात आम्ही एकमेकांना "जेवलात का" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतो. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, आणि किती म्हणजे तिथं पाणी किती फुटांवर. चाळीस म्हटलं की तळघरं रिकामी करायची, पंचेचाळीस म्हटलं की खालचं सामान माडीवर. २००५ साली पाणी दारातून नाही, मोरीतून आलं. जाळीतून आधी बुडबुडे, मग काळं पाणी, मग झुरळं. ओट्याच्या खालच्या कप्प्यांपर्यंत येऊन थांबलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा कुठे थांबलं हे बघायला आम्ही घरात नव्हतो. परत आलो तेव्हा भिंतीवर रेघ होती, खिडकीच्या गजांच्या मधोमध. फ्रीज आडवा पडून दाराला टेकला होता. भरलेलं सिलिंडर स्वयंपाकघरातून तरंगत सोप्यात जाऊन बसलं होतं. (भरलेलं सिलिंडर तरंगतं, हे ज्ञान मला नसतं मिळालं तरी चाललं असतं.) डाळीचे डबे गच्च झाकणाचे म्हणून वाचले असतील अशी आशा होती. एकेक उघडत गेलो आणि मग उघडायचंच सोडलं. ओटा तेवढा जागच्या जागी. पाण्याखाली राहून, गाळ धुऊन, फिनेल फासून तो पुन्हा पहिल्यासारखा काळा झाला आणि त्यावर आम्ही पहिला चहा केला. २०२१ ला पुन्हा तेच. त्यानंतर दर वर्षी ठरायचं की एक तर हे घर सोडून तिकडे विश्रामबागेला फ्लॅट घ्यायचा, नाही तर हे नीट करायचं. दर वर्षी पावसाळा कोरडा जायचा आणि विषय दिवाळीच्या फराळात बुडायचा. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "मी इथंच मरणार. तोवर मोरी तरी बदला."

तोडफोड सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले. कडप्प्याची लादी छिन्नीनं उचलताना मधोमध तडकली. खालच्या विटा निघाल्या आणि त्यांच्या मागे, भिंत आणि कट्टा यांच्या फटीत, गाळ सापडला. वाळून थर धरलेला. वरचा तपकिरी, खालचा जवळजवळ काळा, मध्ये नखाएवढी फट. कामाला आलेल्या पोरानं धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारलं आणि तो वास उठला. कुजलेलं धान्य, रॉकेल, ओली माती आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही पण आमच्या गल्लीतलं लहान पोरही ते ओळखतं. इतकी वर्षं मी त्या गाळापासून वीतभर अंतरावर कणीक मळत होते. सासूबाईंनी पदर नाकाला लावला आणि एक शब्द न बोलता आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्याआधी आम्ही शोरूम पालथी घातलीच होती. चकचकीत मॉड्युलर स्वयंपाकघर, ढकललं की आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर, कोपऱ्यातून गरकन फिरून बाहेर येणारं कपाट. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. तिथला मुलगा मन लावून माहिती देत होता. "पूर्ण वॉटरप्रूफ आहे मॅडम, ७१० ग्रेडचा प्लाय. सिंकखाली गळती वगैरे होते का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "सिंकखाली नदी येते." तो आधी हसला. मग पत्ता विचारला आणि गावभाग म्हटल्यावर कॅटलॉग मिटून चहा मागवला. प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, शिंतोडे सोसणं वेगळं आणि आठवडाभर पाण्याखाली राहणं वेगळं. प्लाय तगला तरी बिजागऱ्या, चॅनेल, कडेच्या पट्ट्या काही राहायचं नाही. तेव्हा आमचं ठरलं ते असं: ओट्याखाली लाकूड नावालाही नाही. कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे, पुढे ॲल्युमिनियमची दारं, तीही चार स्क्रू काढून माडीवर नेता येतील अशी. प्लगचे सगळे बोर्ड डोक्याच्या वर. आता मिक्सरची वायर वरून लोंबते. पाहुणे विचारतात, हे असं का? मी भिंतीकडे बोट दाखवते.

सासऱ्यांचं उभं आयुष्य मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेलं. शेजारच्या हरिपूरच्या पेवांबद्दल ते फार जिव्हाळ्यानं बोलायचे. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, वर अरुंद तोंड, आत माणूस हरवेल एवढी ऐसपैस पोकळी; त्यात हळद ओतून तोंड लिंपलं की किडीची चिंता नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. काढायच्या वेळी तोंड उघडून आतली हवा निघून जाऊ द्यायची, मगच माणूस उतरायचा. तिथली मातीच तशी, ओल न धरणारी, असं ते सांगायचे. २००५ च्या महापुरात ती मातीही हरली, पेवांत पाणी शिरलं, कितीतरी पेवं गेली. त्यानंतर सासरे हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला जायचे, पण पेवांकडे वळायचे नाहीत. जमिनीखाली ठेवलेलं सर्वांत सुरक्षित, हा हिशेब ज्या माणसाच्या हाडात मुरला होता, त्याच्या घरात आता साखरेचा डबासुद्धा कमरेच्या वर ठेवायचा नियम झाला आहे. तिकडे कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करायची की नाही यावर दोन राज्यं भांडतात, इकडे आम्ही प्लगची उंची वाढवतो. ज्याला जेवढं वाढवता येतं तेवढं तो वाढवतो.

रंगाचा प्रश्न त्या मानानं लवकर सुटला. मुलाला पुण्याहून पांढराशुभ्र क्वार्ट्झ हवा होता. फोटो पाठवले त्यानं. ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात पांढरा ओटा घालायला छाती लागते, ती माझ्याकडे नाही. शिवाय क्वार्ट्झमध्ये राळ असते, तापलेली कढई थेट टेकवायची सोय नाही. आमच्याकडे कढई थेटच टेकवतात. काळा ग्रॅनाइट घेतला. तो लिंबालाही भीत नाही. नव्या ओट्यावर आता चकंदळं उठणार नाहीत, ही गोष्ट सोयीची आहे, आणि मला ती तितकीशी आवडलेली नाही.

पण उंचीचं घोडं अडलेलंच होतं. त्या सकाळनंतर मिस्त्रींचा प्रश्न माझ्या मागे लागला होता. एक मन म्हणायचं, आता तुझी पाळी आहे. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या ओट्यावर वाकलीस, आता पैसे तुमचे, घर तुमचं, चौतीस काय छत्तीस कर. डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे दाखवून हेच सांगितलेलं. दुसरं मन त्या पितळी फुल्यांच्या पाटाकडे जायचं. मी बँकेतून संध्याकाळी येते, रात्रीची खिचडी किंवा वरणभात करते, रविवारी काहीतरी साग्रसंगीत. रोजच्या पोळ्या, भाजी, भाकरी सगळं मावशींच्या हातचं. मग ओटा कुणाचा? याचं उत्तर मला येत होतं आणि ते मला नको होतं. शिवाय मावशी उद्या काम सोडून गेल्या तर? हा विचारही मनात आला, आणि तो नवऱ्याच्याही मनात आला, कारण त्यानं तो बोलून दाखवला. सासूबाई आमच्यासमोर काही म्हणाल्या नाहीत. नंतर मला एकटीला गाठून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी मला तरी कुठं विचारलं होतं? गवंडी म्हणाला, एवढा करतो. हे म्हणाले, कर. माझ्या मापाचा निघाला, हे माझं नशीब."

शेवटी मावशींनाच विचारलं. त्या एकदम संकोचल्या. "माझं कशाला माप वैनी? मी काय, आज हाय उद्या न्हाई." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की माझ्यापाशी पुढचं वाक्यच उरलं नाही. वाचवलं मिस्त्रींनी. त्यांना असल्या घोळात वेळ घालवायचा नव्हता. अंगणातल्या विटा आणल्या, दोन बाजूंना थर रचले, वर फळी टाकली, फळीवर आमचं पोळपाट ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, लाटा." मावशींनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि पीठ नसलेली पोळी लाटायला लागल्या. पहिले दोन-तीन हात लाजत. मग अंगात सवय आली, लाटणं फिरू लागलं, मनगट हललं, खांदे खाली आले. "एक वीट काढा," त्या म्हणाल्या. काढली. "आता थोडं वर. अख्खी नको, अर्धी." मिस्त्रींनी फरशीचा तुकडा सरकवला. मग त्यांनी पोळपाट बाजूला केलं, तिथं परात ठेवली आणि थापायचा हात करून बघितला. "भाकरीला ह्येच्या खाली पायजे. पोळी मनगटानं होती, भाकरी खांद्यानं थापायची असती." मी इतकी वर्षं भाकरी करते, माझी भाकरी नेहमी एका बाजूला जाड राहते, आणि त्याचं कारण मला त्या दिवशी विटांच्या ढिगाऱ्यासमोर कळलं. मग माझी पाळी. मी सिंकच्या जागी उभी राहिले. सिंकमध्ये भांडी तळाशी असतात, हात वीतभर खाली जातात, म्हणजे तिथं ओटा उंचच हवा. कंबर तिथंच मोडते. आणि गॅसपाशी शेगडी नि पातेल्याची उंची वर मिळतेच, म्हणजे तिथं खाली चालतो. जुन्या गवंड्याचा स्टोव्हचा हिशेब हाच तर होता!

तर आता आमचा ओटा दोन उंच्यांचा आहे. सिंककडे चौतीस, गॅस आणि पोळपाटाकडे तीस, आणि खिडकीखाली भाकरीसाठी आणखी खाली ओढून काढता येणारी स्टीलची फळी. मिस्त्रींनी मधली पायरी शेवटपर्यंत मनापासून केली नाही. "वैनी, बघणारा म्हणंल मिस्त्रीचा लेव्हल चुकला." ग्रॅनाइटवाल्यानं जादा कटिंगचे पैसे लावले. नवरा म्हणाला, घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल. त्याला म्हटलं, गावभागात घर घ्यायला येणारा माणूस ओट्याची पायरी बघणार नाही, भिंतीवरची रेघ बघेल. तीसवर मला अजूनही किंचित वाकावं लागतं. रविवारी दोन भाज्या आणि पुरणपोळ्या झाल्या की संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घ्यावीच लागते, आणि तेव्हा मनात येतं, की केला असता चौतीस सरसकट तर काय बिघडलं असतं? मग सकाळी मावशी येतात, पायातल्या चपला काढून सरळ ओट्याला भिडतात, आणि तो प्रश्न मी आठवडाभरासाठी बाजूला ठेवते. तो संपलेला नाही.

सासूबाई नव्या स्वयंपाकघरात सहसा येत नाहीत. तडकलेल्या कडप्प्याचा एक तुकडा त्यांनी राडारोड्याच्या ट्रॉलीतून परत काढायला लावला. लोणच्याच्या चकंदळाचा असेल असं मला वाटलं होतं. तसलं काही नाही, कोरा, धड चौकोनी तुकडा होता, त्यावर त्यांना तुळशीपाशी निरांजन ठेवायचं आहे. ग्रॅनाइटला त्या अजून "ते तुमचं चकचकीत" म्हणतात.

मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी दोन चुका काढल्या. नळाची धार जोरात आहे, पोटावर उडते. आणि ट्यूबलाइट चुकीच्या भिंतीवर लावलीय, ती पाठीमागून येते, त्यामुळे चिरताना त्यांचीच सावली भाजीवर पडते. विटांची चाचणी झाल्यापासून त्यांना विचारायची वाट बघावी लागत नाही, त्या सरळ सांगतात. परवा तर मीठ-मसाल्याची फळी दोन इंच अलीकडे का नाही, याचा त्यांनी नवऱ्याला जाब विचारला आणि त्यानं चक्क मला बोलावलं. नळाला जाळी बसवून झाली. ट्यूबसाठी नवी टाइल न फोडता वायर कशी न्यायची, हे बघायला वायरमनला बोलावलंय. उद्या येतो म्हणालाय. तारीख नाही सांगितली.